आवक अकरा, जावक चार

ताई,

मी विज्ञानकथांचा जुना वाचक. दर महिन्याच्या शेवटी वहीत दोन याद्या करतो, एक 'वाचलेली' आणि दुसरी 'आलेली'. पुस्तकाचं नाव, पानं, तारीख आणि पाचपैकी तारे. आठ वर्षं हे चालू आहे. गेल्या महिन्याचा हिशेब: वाचली चार, आली अकरा.

वाचलेल्यांत 'टाइम मशीन' (पुन्हा एकदा), दोन लघुकादंबऱ्या आणि टेड च्यांगचा पहिला कथासंग्रह, आठ कथांचा, तो शनिवार-रविवारी संपवला. खरं सांगतो, चारही पुस्तकं पातळ बघून निवडली. आकडा अगदीच लाजिरवाणा दिसू नये म्हणून. आलेल्यांत ॲसिमॉव्हच्या 'फाउंडेशन'चे सातही भाग, 'ड्यून'ची नवी सजवलेली प्रत (जुनी आहेच), निवडक कथांचा एक जाडजूड ग्रंथ, 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' आणि एक जुनं 'एस डबल'. डबलमध्ये एकाच बांधणीत दोन कादंबऱ्या असतात, तेव्हा आवक अकरा धरायची की बारा हाही प्रश्नच आहे.

पाचवं एक सुरू केलं होतं, स्तानिस्वाव लेमचं 'सोलारिस'. त्या ग्रहावरच्या जिवंत समुद्राबद्दल माणसांनी शंभराहून जास्त वर्षं ग्रंथ लिहिले, तिथल्या संशोधन-स्थानकावर त्यांचं ग्रंथालय आहे, आणि तरी कुणाला काही कळलेलं नाही. नायक तिथे बसून ते ग्रंथ चाळतो. ते वाचताना मी पुस्तक मिटून तसाच बसून राहिलो. दोन रात्री तेच डोक्यात होतं. पण पुढे सरकेना, म्हणून बाजूला ठेवलं. वहीत अर्थात धरलं नाही, संपलं नाही ना.

न वाचलेल्यांची थप्पी आता माझ्या दहा वर्षांच्या मुलीच्या खांद्याला लागते. परवा तिने विचारलं, "बाबा, हे सगळं तू कधी वाचणार?" मी तिच्यावर खेकसलो. नंतर वाईट वाटलं. पुस्तकं घेणं बंद करू का? की याद्याच बंद करू? आणि फाउंडेशन कुठल्या क्रमाने वाचू?

– त्रिशंकू

*

त्रिशंकूराव,

पातळ पुस्तकं निवडल्याचं तुम्ही स्वतःच सांगून टाकलंत, त्यामुळे त्यावर मी फार बोलणार नाही. थोडं बोलेन.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा फक्त मोजण्यासाठी, कारण ती खोड मलाही आहे. पत्रात एकूण सोळा पुस्तकं आहेत (डबलचं नंतर बघू). त्यांतल्या पंधरांबद्दल तुम्ही मला काय सांगितलंत? एक पुन्हा वाचलं, एक दोन दिवसांत संपलं, एक सजवलेलं आहे, एक जाडजूड आहे. खोक्यावर चिकटवायच्या चिठ्ठीत मावेल एवढाच मजकूर. सोळाव्याबद्दल मात्र अख्खा परिच्छेद. त्या ग्रंथालयात कोण बसतं, काय चाळतं, ते वाचताना तुम्ही काय केलंत, पुढच्या दोन रात्री काय झालं, सगळं सांगितलंत. आणि नेमकं तेच पुस्तक तुमच्या वहीत नाही.

गेल्या महिन्यात तुम्ही सगळ्यात जास्त वाचलंत ते 'सोलारिस'. वहीच्या नियमाप्रमाणे ते वाचलंच गेलं नाही. तर मग नियम बदला, वही नको.

तुम्ही अडकलात ती जागाही बघा. घरात पुस्तकांची थप्पी असलेला माणूस थबकतो कुठे, तर ग्रंथांच्या ढिगात बसलेल्या माणसापाशी. त्या ढिगात काय आहे? समुद्राच्या पृष्ठभागावर उसळून येणाऱ्या आकारांची वर्णनं, मोजमापं, वर्गवारी. 'मायमॉइड', 'सिमेट्रिएड' अशी एकाहून एक भारदस्त नावं. शास्त्रज्ञांच्या पिढ्या खपल्या, नावं वाढत गेली, समुद्र होता तिथेच राहिला. पानं, तारीख आणि तारे लिहिलेल्या एका वहीकडे बोट दाखवायचा मला इथे मोह होतोय, पण तुम्ही दोन रात्री जागलात त्याअर्थी ते बोट तुम्हाला आधीच दिसलेलं असणार.

त्या प्रकरणात गोष्ट थांबते ही तुमची तक्रार खरी आहे. स्थानकावर भलतंच काही घडत असताना, तुम्हाला पुढचं जाणून घ्यायची घाई झालेली असताना, लेम तुम्हाला खुर्चीत बसवून संदर्भग्रंथ वाचायला लावतो. बरेच वाचक इथे पानं उलटतात. तुम्ही पानं न उलटता थांबलात, हे मला बरं वाटलं. अशा पुस्तकासाठी वहीत तिसरी यादी करा, 'चालू' नावाची. तिच्यात पुस्तक कुठे थांबलं आणि का थांबलं एवढंच लिहा. 'ग्रंथालयात थांबलो, कारण विचार सुरू झाला' आणि 'पन्नासाव्या पानावर थांबलो, कारण चारही पात्रं एकाच आवाजात बोलतात' ही दोन अगदी वेगळी थांबणी आहेत. दुसऱ्या प्रकारचं पुस्तक खुशाल देऊन टाका. पहिल्या प्रकारचं वर्षभर त्या यादीत राहिलं तरी काही बिघडत नाही.

आता च्यांगकडे येते, कारण इथे मला खरोखर राग आला. त्याची पहिली कथा प्रसिद्ध झाली १९९० साली. संग्रह आला २००२ साली. म्हणजे बारा वर्षांत आठ कथा. हा माणूस लिहितोच इतकं कमी आणि इतकं तासून, की त्याच्या एकेका कथेची लोक वर्षानुवर्षं वाट बघतात. आणि तुम्ही ती बारा वर्षं शनिवारी उघडून रविवारी मिटलीत! एक प्रश्न विचारते, पुस्तक न उघडता उत्तर द्या. त्यातल्या 'स्टोरी ऑफ युअर लाइफ' या कथेत आई आपल्या मुलीशी मनातल्या मनात बोलते. ती क्रियापदं कुठल्या काळात वापरते? 'मला आठवतं' म्हणते आणि पुढचं वाक्य भविष्यकाळात टाकते. तू अशी वागशील, तू असं म्हणशील, हे मला आठवतं. पहिल्या वाचनात ते चुकल्यासारखं वाटतं. परग्रहवासीयांची लिपी शिकता शिकता तिच्या डोक्यातला काळ कसा बदलला, ते कळल्यावर मागची सगळी क्रियापदं एकदम उजळतात. त्या कथेची सगळी कलाकुसर व्याकरणात आहे. सातव्या कथेकडे डोळा ठेवून चौथी वाचणाऱ्याला ती दिसली असेल, तर माझे शब्द मी मागे घेते.

तुमच्या पातळ पुस्तकांबद्दल माझा आक्षेप एवढाच आहे. पातळपणाला दोष नाही. विज्ञानकथेत तर लघुकादंबरीला मानाचं स्थान आहे. ह्यूगो आणि नेब्युला या दोन्ही पुरस्कारांत तिचा वेगळा विभाग असतो, साडेसतरा हजार ते चाळीस हजार शब्दांचा. एक कल्पना, तिचे परिणाम आणि एक-दोन माणसं एवढ्याला ते माप चपखल बसतं. एच. जी. वेल्सची १८९५ सालची 'टाइम मशीन' याच मापाची आहे, आणि शेवटचा तो थंडावलेला समुद्रकिनारा आणि मोठा लाल सूर्य आणखी तीनशे पानं लिहून काही जास्त लाल झाला नसता. पुन्हा वाचलीत, उत्तम केलंत. पण 'बारीक आहे, आकडा वाढेल' म्हणून उचललेलं पुस्तक हात आधीपासूनच घाईत धरतो. चांगली लघुकादंबरी खरं तर जाड कादंबरीपेक्षा हळू वाचायला लागते, तिच्यात वगळण्याजोगं काही नसतं.

म्हणून वहीतला पानांचा रकाना खोडा. तारेही खोडले तर बरं, पण त्यांचा आग्रह धरत नाही. तारे द्यायला मजा येते हे मला माहीत आहे. पानांच्या जागी एक ओळ लिहा, पुस्तकात नेमकं काय होतं त्याची. मत नको. 'छान', 'विचारप्रवर्तक' असले शब्द तर मुळीच नकोत. आईला भविष्यकाळात आठवतं, अशी ओळ. ती सुचली नाही तर पुस्तक अजून 'चालू'त आहे असं समजा, शेवटचं पान उलटलेलं असलं तरी.

आता आवक.

घेणं बंद करू का, असं विचारताय. मी ही बंदी तीनदा घालून पाहिली आहे. बंदी असते तोवर सगळं ठीक चालतं आणि उठली की आठवड्याभरात सगळी कसर भरून निघते. शिवाय विज्ञानकथा जमवणाऱ्याची एक अडचण खरीच आहे. या साहित्याचा मोठा भाग आधी मासिकांत आणि मग स्वस्त पेपरबॅकमध्ये आला. ती पुस्तकं टिकायला छापलेलीच नव्हती. कित्येकांची पुढची आवृत्ती निघाली नाही. त्यामुळे 'दिसलं तेव्हा उचललं नाही तर पुन्हा दिसणार नाही' हे आपल्यातल्या जुन्या मंडळींचं वाक्य निव्वळ बहाणा नव्हे. तुमच्या एस डबलला ते शंभर टक्के लागू आहे. फाउंडेशनला अजिबात लागू नाही. ते आजही मिळतं, दहा वर्षांनीही मिळेल. आपण काय करतो, डबलसाठी खरं असलेलं कारण फाउंडेशनच्या सात खंडांवर पांघरतो.

माझीच गोष्ट सांगते. आल्फ्रेड बेस्टरची 'टायगर! टायगर!' ही कादंबरी मी फार पूर्वी वाचली होती. नंतर केव्हातरी त्याचीच 'द स्टार्स माय डेस्टिनेशन' दिसली, मुखपृष्ठ झकास, उचलली. ती चार वर्षं माझ्या थप्पीत होती. एका सुट्टीत मोठ्या हौसेने उघडली, तर पहिल्याच प्रकरणात यानाच्या भंगारात एकशे सत्तर दिवस अडकलेला एक माणूस. असा माणूस आयुष्यात दोनदा भेटत नाही. ब्रिटनमध्ये १९५६ साली पहिल्या नावाने निघालेली कादंबरी अमेरिकेत दुसऱ्या नावाने आली होती, बस्स! चार वर्षं मी वाचलेल्याच पुस्तकाला 'न वाचलेलं' म्हणून धूळ पुसत होते. (नावं बदलण्याची ही हौस या प्रांतात जुनीच. ब्रायन ऑल्डिसच्या 'नॉन-स्टॉप'चं अमेरिकेत असं काही बारसं केलं की वाचकाने कष्टाने उलगडायचं रहस्य थेट मुखपृष्ठावरच छापलं गेलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. कादंबरी वाचली नसेल तर शोधायलाही जाऊ नका.)

तेव्हापासून माझ्याकडे एक रिवाज आहे. पुस्तक घरात आलं की त्याच दिवशी, कपाटात जायच्या आधी, एका चिठ्ठीवर ते का आलं हे एका वाक्यात लिहायचं आणि चिठ्ठी पहिल्या पानात ठेवायची. दुसऱ्या दिवशी लिहू म्हटलं की कारण पळून जातं, मागे फक्त मुखपृष्ठ उरतं. बेस्टरची चिठ्ठी लिहायला बसले असते तर आधी चार पानं चाळली असती आणि तो भंगारातला माणूस त्याच दिवशी सापडला असता.

तुमच्या अकरांच्या चिठ्ठ्या माझ्या कल्पनेने लिहून बघते.

'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम': 'एकमेकांना ओढणाऱ्या तीन वस्तू पुढे कुठे असतील, याचं सरसकट लागू पडणारं सूत्र नाही. मग तीन सूर्यांच्या तडाख्यात सापडलेल्या ग्रहावर कुणी जगत असेल तर ते कॅलेंडर कसं करत असतील?' फक्कड कारण. ठेवा थप्पीत. फक्त एक सांगून ठेवते. पहिल्या प्रकरणांत ना ग्रह आहेत ना सूर्य, तिथे चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीची होरपळ आहे. चिनी पुस्तकात तो भाग मध्ये होता, केन लिऊंच्या इंग्रजी अनुवादात तो सुरुवातीला आला. पुस्तक बदललं की काय असं वाटून मिटू नका.

'ड्यून'ची नवी प्रत: 'कपाटात छान दिसते.' हेही कारणच आहे, त्यात लाजायचं काय! वीसहून जास्त प्रकाशकांनी नाकारलेली ही कादंबरी १९६५ साली शेवटी काढली ती मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या प्रकाशनाने. तिला आता सोनेरी कडा लाभल्या तर कौतुकच आहे. पण मग ते फर्निचर झालं. थप्पीतून काढा आणि समोर मांडा. आणि कधी जागेसाठी दोन्हींतली एक द्यायची वेळ आली तर नवी द्या. जुनीत तुमच्या पेन्सिलीच्या खुणा असतील.

जाडजूड कथासंग्रह: असा ग्रंथ संपवण्यासाठी नसतो, तो घरात राहायला आलेला असतो. त्याला थप्पीत चेपू नका, उशाशी ठेवा. वहीतही त्याची नोंद कथेगणिक करा. विज्ञानकथेत कथेला फार मोठं स्थान आहे. आपल्याकडेही तसंच. जयंत नारळीकरांचं नाव या प्रांतात आलं ते १९७४ साली, मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पाठवलेल्या 'कृष्णविवर' या एका कथेने. तीही त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली होती. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, नावाच्या वलयावर बक्षीस मिळू नये म्हणून. महिनाभरात तुम्ही असली एकच कथा नीट वाचलीत तर ती वहीत एक ओळ म्हणून यायला हवी. आज तुमच्या नियमाने तिची नोंद शून्य होते.

राहिलं फाउंडेशन. क्रमाचा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. उत्तर बदलत नाही, प्रसिद्धीच्या क्रमाने वाचा. गोष्टीतल्या काळाप्रमाणे लावायला गेलात तर १९८८ आणि १९९३ सालचे भाग सर्वांत आधी येतील, आणि लेखकाने चाळीस वर्षं राखून ठेवलेली गुपितं तुम्हाला दारातच कळतील. ती कळल्यावर १९५१च्या पहिल्या खंडात राम उरत नाही. शिवाय त्या खंडाला कादंबरी समजू नका. पहिले तीन खंड म्हणजे १९४२ ते १९५० या काळात मासिकात आलेल्या आठ कथा, आणि १९५१च्या पुस्तकासाठी नव्याने लिहिलेलं एक सुरुवातीचं प्रकरण. बहुतेक कथांत माणसं नवी, काळ पुढे सरकलेला, पेच नवा. लोक तिला सलग कादंबरी समजून बसतात आणि 'ओळख झाली की पात्रं गायबच होतात' म्हणून वैतागतात. एका बैठकीला एक कथा वाचा आणि मध्ये दुसरं काही वाचा. दुसऱ्या खंडाच्या उत्तरार्धात ज्याचं नाव ऐकू येईल त्याच्याबद्दल मात्र आधी कुठेही काही वाचू नका.

तिसऱ्या खंडानंतर थांबा. ॲसिमॉव्हही थांबला होता. तिसरा खंड १९५३चा, चौथा १९८२चा. चौथा भाग लिहायला लेखकाने एकोणतीस वर्षं घेतली, तर तुम्ही महिना-दोन महिने घेतलेत म्हणून कुणी जाब विचारणार नाही. माझं मत विचाराल तर पहिले तीन हा खरा ऐवज आहे, पुढचे चार हे त्याच घराला नंतर काढलेले मजले. काही खोल्या हवेशीर आहेत, पण जिने फार. तेव्हा थप्पीत पहिला खंड ठेवा आणि बाकीचे सहा कपाटात टाका. पहिला संपला की दुसऱ्याला बाहेर काढायचं.

झालं. सहा खंड कपाटात, ड्यून मांडणीवर, संग्रह उशाशी. अकरांचे तीन राहिले: फाउंडेशनचा पहिला खंड, थ्री-बॉडी आणि डबल.

या तिघांत पहिला नंबर डबलचा, आणि त्याचं कारण कागद आहे. एस या अमेरिकी प्रकाशनाने ही जोडपुस्तकं १९५२ पासून काढली. एक कादंबरी सरळ, पुस्तक उलटं फिरवलं की मागून दुसरी सुरू, दोघींना स्वतंत्र मुखपृष्ठ. फिलिप के. डिकची पहिली कादंबरी १९५५ साली अशीच दुसऱ्या एकीच्या पाठीला पाठ लावून आली. मापात बसवण्यासाठी कधी कधी मजकुराला कात्रीही लागायची. कागद मात्र अगदी स्वस्तातला. त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडातून आलेलं द्रव्य, उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, आम्लाने कागद ठिसूळ होत जातो. पाठीचा गोंदही आता वाळलेला असणार. ते टेबलावर सपाट उघडू नका, पाठ मोडेल आणि पानं सुटून हातात येतील. अर्धवट उघडून, खाली हात धरून वाचा, आणि उन्हाच्या कवडशापासून लांब ठेवा. फाउंडेशन वाट बघेल, डबलला तेवढा वेळ नाही.

आता तुमची मुलगी. तिच्यावर खेकसलात, कारण प्रश्न टोचला. पण तिने टोमणा मारला नव्हता, साधं गणित घातलं होतं. ते तुम्ही केलंत का? मी केलं. दहा वर्षांच्या मुलीचा खांदा जमिनीपासून साधारण एकशे दहा सेंटिमीटर. जाड-बारीक मिळून एक पुस्तक दोन-सव्वादोन सेंटिमीटरचं धरा. थप्पीत पन्नास पुस्तकं झाली. महिन्याला चार या तुमच्या 'लाजिरवाण्या' वेगाने बारा-तेरा महिने. म्हणजे तिला द्यायचं उत्तर होतं, "नवीन आणलं नाही तर पुढच्या वर्षी या सुमाराला." एवढंच!

आणि दुसरंही पाहा. दर महिन्याला खरोखर सातची भर पडत असती तर आठ वर्षांत सहाशे बहात्तर पुस्तकं साचली असती, आणि थप्पी तिच्या खांद्याला न थांबता चार मजले ओलांडून गेली असती. तशी ती गेलेली नाही. म्हणजे गेला महिना अपवाद आहे, आणि तोही एका सात खंडांच्या संचामुळे. तुमच्या आठ वर्षांच्या वहीत हे सगळं लिहिलेलं आहे. तुम्ही फक्त शेवटच्या पानावरची वजाबाकी बघून घाबरलात.

मुलीची माफी मागा, पण भाषण करू नका. तिला थप्पीतली पुस्तकं मोजायला सांगा, माझा पन्नासचा अंदाज किती चुकला ते कळेल. डबल तिच्या हातात द्या, जपून, आधी सरळ आणि मग उलटं. अकरा की बारा हा निकाल तिच्याकडे सोपवा. मी स्वतः एक कादंबरी वाचून होईपर्यंत एक धरते आणि पुस्तक उलटं फिरवलं की दोन, पण या बाबतीत दहा वर्षांच्या माणसाचं मत माझ्यापेक्षा पक्कं असतं.

राहता राहिलं 'सोलारिस'. तुमची प्रत काढा आणि नायकाच्या मृत बायकोचं नाव बघा. ते 'रेया' असेल तर तो १९७० सालचा इंग्रजी अनुवाद आहे. तो मूळ पोलिशवरून झालेला नसून फ्रेंच अनुवादावरून झालेला आहे, म्हणजे दोनदा गाळून आलेला. लेमला इंग्रजी वाचता येत होतं आणि त्याचं या अनुवादाने समाधान झालेलं नव्हतं. थेट पोलिशवरून अनुवाद केला बिल जॉन्स्टन यांनी, २०११ साली. त्यात तिचं मूळचं 'हॅरी' हे नाव परत आलं आहे. तुम्ही अडलात त्या प्रकरणाचा जडपणा थोडासा लेमचा आहे आणि थोडासा त्या गाळणीचा असू शकतो. हा नवा अनुवाद ई-बुक म्हणून मिळतो, तेव्हा थप्पीची उंचीही वाढणार नाही. आज रात्री जिथे थांबलात त्याच्या चार पानं आधीपासून सुरू करा. आणि प्रत 'रेया'ची निघाली तर 'आलेली'त आणखी एक नोंद करा, चिठ्ठीसकट.